घर सोडलेल्यांचे घर

माझी आत्या १९५६ साली कॉन्व्हेंटमध्ये गेली. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण तो दिवस आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की मला तो पाहिल्यासारखा आठवतो. कॉन्व्हेंटकडून सामानाची यादी आली होती: चादरी, टॉवेल, उशीचे अभ्रे, पांढरे मोजे, काळे बूट, पत्र्याची एक ट्रंक. धुण्यात सगळ्यांचे कपडे एकत्र होतात म्हणून प्रत्येकीला नंबर दिलेला. आत्याचा नंबर सदतीस. तो प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने काढून द्यायचा होता. आजीला अक्षरओळख नव्हती. वसईच्या वाडीत केळी आणि पानवेलीत तिचे आयुष्य गेले, शाळेची पायरी ती कधी चढली नाही. शेजारच्या मास्तरांनी पाटीवर सदतीस लिहून दिले आणि पंधरा दिवस रोज रात्री कंदिलाशी बसून आजीने सगळे कपडे पुरे केले. जन्मभरात तिला लिहायला आले ते एवढेच, तीन आणि सात. पुढे आत्याला पत्र धाडताना मजकूर माझे वडील लिहीत आणि खाली अंगठ्याऐवजी आजी तो आकडा काढी.

१९६१ साली आजी गेली. तार वेळेवर पोचली होती, पण आत्याला घरी येण्याची परवानगी मिळाली नाही. ती तेव्हा घाटापलीकडच्या एका गावात शिकवत होती. त्या दिवशी तिने पाचवीच्या वर्गाचा भूगोलाचा तास घेतला आणि संध्याकाळी चॅपेलमध्ये सगळ्या सिस्टरांनी मिळून आजीसाठी रोझरी म्हटली. हे तिने आम्हांला सांगितले तीस वर्षांनी. त्या तासाला कोणता धडा होता तेही तिच्या लक्षात होते: सह्याद्रीतले घाट. थळघाट, बोरघाट.

या पुस्तकाची प्रस्तावना मी लिहावी असे संपादकांनी सुचवले, तेव्हा मला आधी आठवले ते लाल दोऱ्याचे सदतीस. पुढच्या पानांत सिस्टर, ब्रदर आणि फादर आपापल्या घरांविषयी लिहितात, आणि त्यांच्या घरची माणसेही लिहितात. व्रतस्थ जीवनावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात सेवा असते, त्याग असतो, शाळा-दवाखाने असतात. घर बहुधा पहिल्या परिच्छेदात येते आणि तिथेच संपते. ‘अमुक गावी धार्मिक कुटुंबात जन्म’ इतकेच. मला वाटते, तो परिच्छेद माणसाला आयुष्यभर पुरत असतो. मठातले, कॉन्व्हेंटमधले सहजीवन ज्या भांडवलावर चालते ते प्रत्येकाने घरून आणलेले असते. आजाऱ्याच्या उशाशी जागणे, न विचारता दुसऱ्याचे ताट वाढून ठेवणे, भांडणानंतर आपण होऊन आधी बोलणे, हे नोव्हिशियटमध्ये, म्हणजे व्रतापूर्वीच्या शिक्षणाच्या काळात, कोणी शिकवू शकत नाही. तिथे फार तर त्याला शिस्त लावता येते.

जे वाचक कॅथलिक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. धर्मग्रामात आपल्याला दिसणारे सगळेच फादर एका प्रकारचे नसतात. धर्मप्रांताचे धर्मगुरू बिशपांच्या हाताखाली काम करतात. त्यांचे गाव बहुधा जवळपासच असते, आणि त्यांच्या नावावर मालमत्ता राहू शकते. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, कार्मेलाईट यांसारख्या संघांतली माणसे मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात आणि संघ पाठवील तिथे जातात. सिस्टर आणि ब्रदर यांचेही तसेच. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यात ६०२ वे कलम अशा समूहाला ख्रिस्तामधले एक विशेष कुटुंब म्हणते. कायद्याला हा शब्द सापडला, यात मला आश्चर्य वाटत नाही. ज्यांनी घर सोडले त्यांच्या एकत्र राहण्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा घराशिवाय दुसरी उपमा हाताशी नव्हती.

तरी शुभवर्तमानात या बाबतीत एक ताण आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आईबाप, भावंडे, घरदार माझ्यासाठी सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, असे येशू सांगतो. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असे कळल्यावर, माझी आई कोण, असा सवाल करतो. जुन्या काळच्या मठांनी या वचनांवर बोट ठेवले. पण मार्कच्या त्याच शुभवर्तमानात सातव्या अध्यायात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही प्रवचनांत फार कमी ऐकतो. आईबापांना देण्याजोगे जे होते ते आता देवाला वाहिले आहे, असे म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांना येशू कडक शब्दांत फटकारतो. देवाचे नाव पुढे करून आईबापांना उपाशी ठेवायची सोय त्याने कोणालाच ठेवली नाही. आणि क्रुसावर, शेवटच्या घटकेला, त्याने आपल्या आईची व्यवस्था लावली. शिष्याने तिला आपल्या घरी नेले.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न सरळ विचारला होता. आईबापांकडे बघायला दुसरे कोणी नसेल आणि मुलावाचून त्यांचे भागणार नसेल, तर मुलाने मठात जावे का? त्यांचे उत्तर आहे: जाऊ नये. आणि जो आधीच व्रतात बांधला गेला आहे त्याने मठ सोडू नये, पण आज्ञेत राहून आईबापांसाठी जमेल ते सारे करावे. हे उत्तर देणारा माणूस कोण होता ते लक्षात घ्या. १२४४ साली त्यांनी डॉमिनिकन संघाचा झगा घातला तेव्हा घरच्यांना ते पसंत नव्हते. सख्ख्या भावांनी त्यांना वाटेत पकडून आणले आणि घरच्या गढीत वर्षभर कोंडून ठेवले. ज्याला आपल्याच माणसांनी कोंडले, त्याने पुढे आईबापांच्या हक्काची बाजू इतकी नेटाने मांडावी, हे वाचताना मला दर वेळी थांबायला होते.

संत बेनेडिक्ट यांची नियमावली पाश्चात्त्य मठजीवनाचा पाया मानली जाते. तिच्या चौपन्नाव्या प्रकरणात सांगितले आहे की मठाधिपतींच्या परवानगीशिवाय संन्याशाने आईबापांचेही पत्र किंवा भेटवस्तू घेऊ नये. माझ्या आत्याची पत्रे मदर सुपिरियर आधी उघडून वाचत, त्या रिवाजाची मुळे इतक्या लांब जातात. पण बेनेडिक्टना स्कोलास्टिका नावाची बहीण होती, तीही व्रतस्थ. दोघे वर्षातून एकदा मठाबाहेरच्या एका घरात भेटत. पोप ग्रेगरी यांनी लिहून ठेवलेली त्यांच्या शेवटच्या भेटीची कथा अशी: संध्याकाळ झाली, बेनेडिक्ट उठले, बहीण म्हणाली, आज रात्र थांब. त्यांनी नियम सांगितला. तिने डोके खाली घालून प्रार्थना केली आणि स्वच्छ आभाळातून असे वादळ उठले की त्यांना बाहेर पाऊल टाकता येईना. रात्रभर बहीण-भाऊ देवाविषयी बोलत बसले. तीन दिवसांनी ती वारली. आपल्यासाठी तयार करून ठेवलेल्या थडग्यात बेनेडिक्टनी तिला ठेवले. तिचे प्रेम अधिक होते म्हणून तिचे चालले, असा ग्रेगरींचा निवाडा आहे. नियम लिहिणाऱ्याच्याच चरित्रात ही गोष्ट कोणी वगळली नाही. ती तिथे तेराचौदाशे वर्षे उभी आहे.

वसईतल्या घराघरांत जिचे चित्र असते त्या बाळ येशूच्या संत तेरेजाचे घर तर या विषयाचे पाठ्यपुस्तकच म्हणावे. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या कार्मेल मठात चार सख्ख्या बहिणी होत्या: पोलिन १८८२ मध्ये गेली, मारी १८८६ मध्ये, तेरेज १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी, आणि सेलिन १८९४ मध्ये. पाचवी, लेओनी, दुसऱ्या संघात गेली. सेलिन उशिरा का गेली, ते महत्त्वाचे. वडील लुई मार्तँ यांचे मन शेवटच्या वर्षांत ढळले, त्यांना तीन वर्षे मनोरुग्णालयात ठेवावे लागले. मुली एकेक करून निघून गेल्या म्हणून बापाची ही दशा झाली, असे गावात बोलले जाई, आणि ते बोलणे जाळीआड बसलेल्या लेकींच्या कानांवर जाई. सेलिनने वडिलांची सेवा केली, १८९४ च्या जुलैत त्यांनी डोळे मिटले आणि सप्टेंबरात ती मठात दाखल झाली. मला यात चौथ्या लेकीचे व्रत पहिल्या तिघींपेक्षा उशिरा सुरू झाले असे वाटत नाही. ते बापाच्या खाटेपाशीच सुरू झाले होते.

तेरेजने आपल्या आठवणी लिहिल्या त्याही बहिणीच्या सांगण्यावरून. पोलिन तेव्हा मठाची प्रमुख होती. पण मठात तीन बहिणी असताना तेरेज त्यांच्याच घोळक्यात राहिली नाही. जिचा स्वभाव तिला सोसत नसे अशा एका सिस्टरशी ती इतकी हसून वागे की तिला वाटे, तेरेजचा आपल्यावर विशेष लोभ आहे. घरी मिळालेली माया तिने मठात आणली आणि परक्या बाईवर खर्च केली. लुई आणि झेली या आईबापांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संतपद दिले. नवरा-बायकोला एकाच वेळी असा मान फार क्वचित मिळतो.

आता आपल्या भाषेच्या अंगणातली गोष्ट. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सना मराठी वाचक कवी म्हणून ओळखतो. ते १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि काही दिवसांतच, १० नोव्हेंबरला, त्यांनी इंग्लंडमधल्या वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. समुद्र कसा होता, वारे कसे पडले, खलाशांना कोणते आजार झाले, कोणते मासे आणि पक्षी दिसले. लेकाने बापाला सांगावे तसे सगळे. चार वर्षांनी त्यांनी भावाला, रिचर्डला, लिहिले. त्या पत्रात कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांची हकिगत आहे, आणि इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे हे निरीक्षणही आहे. भाषाशास्त्राचे अभ्यासक ते आजही आदराने सांगतात. एवढी मोठी गोष्ट एका घरगुती पत्रात लिहिली गेली. स्टीफन्स परत कधी गेले नाहीत, १६१९ मध्ये ते गोव्यातच वारले. चाळीस वर्षांत ते इथल्या बोलीत इतके मुरले की त्यांची ओवी आपल्याला परकी वाटत नाही. घरी पत्र लिहिण्याची ती सवय आणि नव्या गावाशी जडलेला हा जिव्हाळा, मला ही एकाच स्वभावाची दोन रूपे दिसतात.

त्यांच्याआधी आलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांनी युरोपातल्या सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून घेतल्या होत्या आणि त्या आपल्या व्रतवचनाबरोबर ते अंगावर बाळगीत. हे मी प्रथम वाचले तेव्हा आत्याच्या ट्रंकेची आठवण झाली. तिने आजीची पत्रे ठेवली नव्हती, तशी मुभाच नव्हती. पण एका जुन्या टॉवेलचा कोपरा तिने प्रार्थनापुस्तकात ठेवला होता. त्यावरचा लाल दोरा पार गुलाबी झाला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश काढला आणि हळूहळू दारे किलकिली झाली. पत्रे उघडणे थांबले. आत्या १९६८ मध्ये पहिल्यांदा आठ दिवस घरी राहिली. घरात तिची खाट नव्हती, ती ओटीवर चटई टाकून झोपली आणि पहाटे उठून तिने अंगण झाडले. माझ्या आईने तिच्या हातातून झाडू घेतला तेव्हा ती म्हणाली, “राहू दे गं, वहिनी. तिकडे मी झाडते ते अंगण कोणाचंच नसतं.” मी तेव्हा सात वर्षांचा होतो. त्या वाक्यात काय होते, ते समजायला मला फार वर्षे लागली.

कायद्यातही जागा आहे. ६६५ वे कलम सांगते की सबळ कारण असेल तर वरिष्ठ आपल्या सल्लागारांच्या संमतीने एखाद्याला वर्षभरापर्यंत संघाच्या घराबाहेर राहायची परवानगी देऊ शकतात. अंथरुणाला खिळलेल्या आईबापांसाठी आज अनेक सिस्टर ही परवानगी मागतात. पूर्वी घरात सहा-सात मुले असत, एकदोघांनी देवाची वाट धरली तरी म्हाताऱ्यांभोवती माणसे उरत. आता दोन मुले असतात, कधी एकच. अशा घरातली मुलगी ‘मला सिस्टर व्हायचंय’ म्हणते तेव्हा आई गप्प होते, आणि तिच्या श्रद्धेत उणे आहे म्हणून ती गप्प झालेली नसते. संघांनी या शांततेचा अर्थ लावायला शिकले पाहिजे. मुलगी घेताना तिच्या म्हाताऱ्या आईबापांचे पुढे काय, हा प्रश्न संघानेच आधी काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालमत्तेचा विषयही या पुस्तकात काहींनी धीटपणे काढला आहे. ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी असतात. व्रत घेणारी व्यक्ती आजीवन व्रतापूर्वी मृत्युपत्र करते. पण वसईत जमिनीचे भाव चढले तशी सातबाऱ्यावरच्या सिस्टरच्या नावाची आठवण घरच्यांना अवेळी येऊ लागली. पाच वर्षे ज्यांनी फोन केला नाही ते हक्कसोडपत्र घेऊन कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये बसलेले मी पाहिले आहेत. सिस्टर सही करते. तिला जमीन नको असते. चहा तरी घेऊन जा, असे ती म्हणते, आणि ते घाईत असतात. नाते सांभाळायचे काम फक्त व्रतस्थांचे आहे असे घरच्यांनी समजू नये, इतकेच मला यावर म्हणायचे आहे.

आणि परत आलेल्यांविषयी. व्रते सोडून घरी येणाऱ्या मुलामुलींवर आपल्याकडे कोणी लिहीत नाही. मुलगी कॉन्व्हेंटमध्ये जाताना बँड लावून निरोप देणारे गाव ती परतल्यावर कुजबुजते. माझ्या माहितीतली एक मुलगी नऊ वर्षांनी परत आली. कारणे तिची होती आणि देवाची होती. पहिल्या रविवारी तिने पहाटेच्या रिकाम्या मिस्सेला जायचे म्हटले, आईने ऐकले नाही. लाल लुगडे नेसून, लेकीचा हात धरून ती साडेआठच्या गर्दीच्या मिस्सेला गेली आणि दुसऱ्या रांगेत बसली. कुटुंब म्हणजे काय, हे त्या दिवशी त्या चर्चमध्ये बसलेल्या आम्हां सगळ्यांना दिसले.

आज महाराष्ट्रातल्या कॉन्व्हेंटांत वसईच्या मुली कमी आणि केरळच्या, झारखंडच्या, ओडिशाच्या जास्त आहेत. त्या इथे येऊन मराठी शिकतात, आपल्या बायकांची बाळंतपणे करतात, आदिवासी पाड्यांवर शाळा चालवतात. त्यांची गावे दोन दिवसांच्या प्रवासावर असतात. नाताळात कॉन्व्हेंटला केकचा डबा पोचवून आपले कर्तव्य संपत नाही. त्यांना आपल्या घरी बोलवावे, ओटीवर बसवावे, आईची चौकशी करावी. मदर तेरेसा १९२८ मध्ये स्कोप्येहून निघाल्या त्या आईला पुन्हा भेटूच शकल्या नाहीत. आई अल्बानियात १९७२ मध्ये वारली, आणि तिच्या कबरीपाशी जायला लेकीला १९८९ साल उजाडले. ते राजवटीचे बंधन होते. आज तसे बंधन नसताना एखादी सिस्टर आईपासून तितकीच दूर राहत असेल, तर त्याचा विचार आपण सगळ्यांनी करायचा आहे.

आत्याची शेवटची चार वर्षे संघाच्या वृद्ध सिस्टरांच्या घरात गेली. तिच्याकडे बघायला झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली एक तरुण सिस्टर होती, मातृभाषा खडिया. आत्याने तिला मराठी शिकवले, अंथरुणात पडल्या पडल्या, भाजीच्या नावांपासून. २०१९ मध्ये आत्या गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ या मुलीने आणि माझ्या बायकोने मिळून घातली. तेव्हापासून ती नाताळात आमच्याकडे येते आणि माझी नातवंडे तिला आत्याच म्हणतात.

यंदा तिची आई आजारी पडली. मोठ्या भावाला मजुरीसाठी परराज्यात जावे लागते, घरात दुसरे कोणी नाही. तिने सहा महिन्यांची परवानगी मागितली आणि वरिष्ठांनी एका आठवड्यात दिली. वाटेसाठी माझ्या बायकोने तिला सुकेळी आणि दशम्या बांधून दिल्या. काल तिचा फोन आला. आई उठून बसते आहे, पाऊस बेताचा आहे, भाताची लावणी अर्धी झाली. मग तिने फोन आईच्या हातात दिला. त्यांना मराठी येत नाही, मला खडिया येत नाही. बराच वेळ आम्ही दोघे आपापल्या भाषेत बोलत होतो.